सरांना बॅन केलंय, आता त्यांचं अपील आलंय

पत्र

आमचा पक्षीनिरीक्षकांचा फेसबुक ग्रुप आहे, साधारण नऊ हजार सदस्यांचा. आम्ही तिघं ॲडमिन. 'घरट्याचे फोटो टाकू नयेत' हा आमचा जुना नियम. जुलैमध्ये आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी तिबोटी खंड्याचा फोटो टाकला. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. ग्रुपमधल्या कित्येकांना दुर्बीण कशी धरायची हे त्यांनीच शिकवलंय, मलासुद्धा. कॉमेंटमध्ये कुणीतरी जागा विचारली तर त्यांनी कोकणातलं गाव, पूल, पुलापासून ओढ्याच्या कडेने किती चालायचं, सगळं सांगून टाकलं. पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग. आमच्यातल्या धाकट्या ॲडमिनने पोस्ट काढली. सरांनी ती परत टाकली आणि वर लिहिलं, "कालची पोर मला पक्षी शिकवणार." तिने रात्री अकराला त्यांना कायमचं बॅन केलं. तिसरे ॲडमिन तेव्हा लडाखला होते, फोन लागत नव्हता. आता सरांनी दोन पानी पत्र पाठवलंय. ते सोबत जोडते. ग्रुपमध्ये "सरांना परत घ्या" म्हणून पोस्टी येतायत, पोल घ्या म्हणतायत, काहींनी दुसरा ग्रुपही काढला. धाकटी म्हणते, सर परत आले तर मी ॲडमिनपद सोडते. सरांनी "कायदेशीर मार्ग मोकळे आहेत" असंही लिहिलंय. त्यांच्या तीस वर्षांच्या कामाचं काय? दर महिन्याच्या पक्षीनिरीक्षणाच्या फेरीला सर येतात, तिथेही येऊ नका सांगू का? पत्ता आमच्या ग्रुपवर पडला म्हणून उद्या वनखात्याने आम्हाला धरलं तर? काय करू? त्यांना फोन करू का?
— एक ॲडमिन, पुणे

उत्तर

ताई,

सरांना आजच्या आज परत घेऊ नका. "निर्णय अंतिम आहे" असंही घाईने कळवून टाकू नका. आज फक्त दोन ओळी पाठवा: पत्र मिळालं, अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर देतो, तोवर बंदी आहे तशीच राहील. तारीख खरीखुरी लिहा, 'लवकरच' नको. बॅन झालेल्या माणसांची पत्रंही माझ्याकडे बरीच येतात. त्यांचा निम्म्याहून जास्त संताप असतो तो आपण लिहिलेलं कुणी वाचलं की नाही हेच कळत नाही, याचा. आणि सर तर ग्रुप पाहूही शकत नाहीत. फेसबुकवर ग्रुपमधून बॅन केलेल्या माणसाला तो ग्रुप शोधूनही सापडत नाही. तिकडे त्यांच्याबद्दल काय चाललंय ते त्यांना कळतं फक्त लोकांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधून, आणि असले स्क्रीनशॉट पाठवणारे लोक कधी चांगलं तेवढं निवडून पाठवत नाहीत.

आता ते दोन पानी पत्र. दीड पान अपमानाचं आहे, तीस वर्षांचं काम, कुणाकुणाला शिकवलं, पहिली गणना कुणी केली वगैरे. ते वाचा, पण बाजूला ठेवा. उरलेल्या अर्ध्या पानात तीन मुद्दे आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. सगळ्याला मिळून एकच 'हो' किंवा 'नाही' द्यायला जाल तर अडकाल.

पहिला मुद्दा: "फोटोत घरटं कुठे आहे ते दाखवा." फोटो मी पाहिला. घरटं नाहीच त्यात. वेलीच्या काडीवर बसलेला पक्षी आहे, चोचीत सापसुरळी. पण सापसुरळीचं डोकं बाहेरच्या बाजूला आहे. खंड्या स्वतः खाणार असेल तर भक्ष्य फिरवून डोकं आत घेतो, म्हणजे गिळताना अडकत नाही. डोकं बाहेर ठेवून थांबलाय याचा अर्थ ते दुसऱ्या कुणाला भरवायचंय, आणि पावसाळ्यात असं भरवणं म्हणजे जवळच्या मातीच्या दरडीत बीळ आहे आणि बिळात पिल्लं आहेत. हे तुम्हाला माहीत आहे, कारण हे तुम्हाला शिकवलं असणार ते बहुधा सरांनीच. तेव्हा "घरटं दिसत नाही" हा बचाव नवख्याने केला असता तर मी मान्य केला असता. सरांकडून मान्य होत नाही.

पण तुमचा नियम जसा लिहिलाय तसा वाचला तर सर म्हणतात ते खोटं नाही. नियमात 'घरट्याचे फोटो' एवढंच आहे. पिल्लांना भरवणारा पक्षी, चोचीत काड्या घेतलेला पक्षी, बिळाच्या तोंडाशी घिरट्या घालणारा पक्षी, यातलं काहीच त्यात नाही. जागा सांगू नये हे तर कुठेच नाही. मला वाटतं या प्रकरणातलं खरं नुकसान फोटोने झालंच नाही, कॉमेंटमधल्या त्या पत्त्याने झालं. आणि नेमकी तीच गोष्ट तुमच्या नियमांत नाही. तेव्हा सरांना उत्तर देताना "घरट्याचा फोटो टाकला म्हणून" असं कारण देऊ नका. जे घडलं ते लिहा: वीण चालू असताना नेमकी जागा जाहीर केली, आणि पोस्ट काढल्यावर तीच पुन्हा टाकली.

ही जागा जाहीर करण्याची गोष्ट किरकोळ नाही, म्हणून जरा थांबतो. तिबोटीची वीण जून ते सप्टेंबर. ओढ्याकाठच्या ओल्या दरडीत आडवं बीळ, दोन्ही पालक दिवसभर पाली, सापसुरळ्या, खेकडे आणून देतात. समोर पाच-सहा माणसं तिपाई लावून बसली की पक्षी तोंडात घास घेऊन लांब काडीवर बसून राहतो, बिळात जात नाही. तो घास तेवढा वेळ पिल्लांना मिळत नाही. रविवारी गाड्यांची रांग म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच जंगली पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना उपद्रव देणं धरलेलं आहे, हे आपल्यातल्या फार थोड्या फोटोग्राफरांना माहीत असतं. ई-बर्डसारखं पक्षीनोंदींचं जगभरचं व्यासपीठसुद्धा संवेदनशील पक्ष्यांच्या नेमक्या जागा लोकांना दाखवत नाही. तेव्हा धाकट्या ॲडमिनने पोस्ट काढली यात मला काही चूक दिसत नाही. तिसऱ्यांना न विचारता काढली, तरीही नाही. गर्दीचा रविवार तोंडावर असताना थांबण्यात शहाणपण नव्हतंच.

दुसरा मुद्दा: "इतरांचे असेच फोटो ग्रुपवर आजही आहेत." हा मुद्दा त्यांचा शंभर टक्के बरोबर आहे. मी तुमच्या ग्रुपवर 'ओडीकेएफ' (तिबोटीच्या 'ओरिएंटल ड्वार्फ किंगफिशर' या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) टाकून शोधलं. मागच्या दोन पावसाळ्यांतले तसलेच फोटो वरच सापडले, चोचीत खेकडा, चोचीत पाल, एकाखाली तर "लायफर! धन्यवाद दादा, लोकेशनसाठी" अशी कॉमेंट ('लायफर' म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी). हे राहू दिलंत आणि सरांना काढलंत, तर बाहेरून बघणाऱ्याला वाटणारच की नियम सगळ्यांना नव्हता, सरांसाठी होता. तेव्हा सरांना उत्तर जाण्याआधी ही साफसफाई करा. त्या जुन्या पोस्टींवर कुणाला शिक्षा नको. 'नियम आता असा वाचला जाईल' एवढं सांगून त्या काढा. आणि उत्तरात सरांना स्पष्ट लिहा की हा मुद्दा तुम्ही दाखवलात तो बरोबर होता, त्याप्रमाणे एवढ्या पोस्टी काढल्या. अपिलातला एखादा मुद्दा मान्य केला म्हणून सगळं अपील मान्य होत नाही. पण एकही मान्य केला नाही तर त्या माणसाला आणि बघणाऱ्यांना कळून चुकतं की उत्तर आधीच ठरलं होतं.

तिसरा मुद्दा ताकीद न दिल्याचा. इथे मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी होती ती पत्रात सापडली नाही. पहिली पोस्ट काढली तेव्हा सरांना काय कळवलं? पोस्ट काढताना कोणता नियम मोडला ते निवडून सदस्याला कळवायची सोय फेसबुक ॲडमिनला देतं, सोबत दोन ओळीही लिहिता येतात. तसं केलं होतं का? केलं असेल तर दुसऱ्यांदा पोस्ट टाकणं ही उघड अवज्ञा झाली. काहीच न कळवता पोस्ट नुसती गायब झाली असेल, तर साठीच्या माणसाला 'फेसबुकनेच काहीतरी केलं' असंही वाटू शकतं. अर्थात "कालची पोर" हे वाक्य बघता त्यांना कुणी काढली ते नीट कळलं होतं.

म्हणून आज रात्री एक काम करा. धाकटीला सोबत घ्या आणि जे झालं ते तारीख-वेळेसकट एका कागदावर उतरवा. पोस्ट कधी आली, जागेची कॉमेंट कधी, कुणी काढली, काय कळवलं, परत कधी टाकली, बॅन कधी. मत नको, विशेषणं नकोत. बॅन करताना 'अलीकडच्या पोस्टी काढून टाका' या पर्यायावर बोट पडलं असेल तर मूळ मजकूर ग्रुपवर उरला नसेल. मग तिच्या फोनमधले स्क्रीनशॉट आत्ताच एका जागी ठेवा. बऱ्याच ग्रुपांत अपिलावर महिनाभर वाद होतो तो नेमकं काय घडलं होतं यावरच, कारण कुणाकडेच काही नसतं. हा कागद तयार झाला की निम्मा तंटा तिथेच मिटतो.

पुढचा प्रश्न, निर्णय घ्यायचा कुणी? धाकटीने नाही. तिनेच बॅन केलंय, आणि तिच्यावरच सरांनी शेरा मारलाय. स्वतःच्याच निकालावरचं अपील स्वतः ऐकायचं नाही ही साधी गोष्ट. विकिपीडियावर ब्लॉक झालेल्या संपादकाने अपील केलं की ते ज्याने ब्लॉक केलं त्याच्याऐवजी दुसरा प्रचालक (म्हणजे तिथला ॲडमिन) बघतो, तेही याचसाठी. पण ताई, माझ्या मते तुम्हीही नाही. सरांनी तुम्हाला दुर्बीण धरायला शिकवलं हे तुम्ही पत्रात लिहिलंत, आणि ते वाक्य कंसातही टाकलं नाहीत. तुम्ही बंदी उठवलीत तर शिष्येने उठवली म्हणतील, कायम ठेवलीत तर गुरूवर उलटली म्हणतील. तिसरे ॲडमिन लडाखहून परत आलेत ना? त्या रात्रीच्या भांडणात ते नव्हते हीच त्यांची पात्रता. त्यांच्या हातात तो कागद आणि सरांचं पत्र द्या आणि दोघी बाजूला व्हा. तेही सरांचे जुने दोस्त निघाले (पक्ष्यांच्या जगात काय, सगळे सगळ्यांचे दोस्त), तर फुलपाखरांच्या किंवा सापांच्या एखाद्या ग्रुपचा अनुभवी ॲडमिन शोधा, ज्याची सरांशी कधी गाठ पडलेली नाही. त्याला ग्रुपचा ताबा द्यायचा नाही, नुसतं मत मागायचं.

आपल्याकडे हाउसिंग सोसायटीतून एखाद्या सभासदाला काढायचं म्हटलं तर काय करावं लागतं माहीत आहे? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम ३५. खास त्यासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत हजर असलेल्या मतदार सभासदांपैकी तीन चतुर्थांश बहुमताचा ठराव, त्याआधी त्या सभासदाला आपली बाजू मांडायची संधी, आणि एवढं करूनही निबंधकाची मंजुरी मिळेपर्यंत ठराव लागू नाही. तुमचा ग्रुप म्हणजे सोसायटी नाही आणि एवढा सोपस्कार कुणी करू नये. पण त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: काढणारा आणि शिक्कामोर्तब करणारा वेगळा. बाजू ऐकून घेणं सर आता पत्राने करतायतच.

आता 'कायमचं'. त्या रात्री बॅनच्या बटणाला दुसरा पर्याय होता. फेसबुकवर सदस्याला ठराविक काळापुरतं सस्पेंडही करता येतं, तो वाचू शकतो, पोस्ट-कॉमेंट करू शकत नाही. ते वापरलं असतं तर आज हे पत्र आलं नसतं बहुधा. गर्दीचा रविवार तोंडावर असताना तिने हाताला लागलं ते बटण दाबलं, त्याबद्दल मी तिला काही म्हणणार नाही. पण पोस्ट थांबवणं ही तातडीची गोष्ट होती. माणूस किती दिवस बाहेर राहणार ही तातडीची नव्हती, ती एकटीने ठरवायची नव्हती. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बॅनमध्येही हाच घोळ झाला होता. जानेवारी २०२१मध्ये फेसबुकने डोनाल्ड ट्रम्प यांना बेमुदत निलंबित केलं. कंपनीच्याच ओव्हरसाइट बोर्डाने त्या मे महिन्यात सांगितलं की निलंबन योग्य होतं, पण 'बेमुदत' ही शिक्षा तुमच्या नियमांत कुठे लिहिली आहे? सहा महिन्यांत फेरविचार करून ठरवा. मग कंपनीने मुदत दोन वर्षं ठरवली. बंदी बरोबर आणि मुदत चूक, असं होऊ शकतं, आणि अपिलाचं उत्तर देताना या दोन गोष्टी सुट्या करता आल्या की खूप काही सुटतं.

मुदत किती? माझं मत विचाराल तर ३० सप्टेंबर. महिना किंवा तीन महिने असे गोल आकडे घेतले तर लगेच कुणीतरी म्हणेल, तीनच का, दोन का नाहीत. वीण संपली की जागा सांगण्याने होणारं नुकसान बरंचसं संपतं, तेव्हा बंदीलाही तोच धागा द्या. सरांना हे कारण पटेल की नाही माहीत नाही, पण समजेल नक्की. त्यानंतर सदस्यत्व परत, आणि पुढचा एक पावसाळा त्यांच्या पोस्टी आधी ॲडमिनकडे मंजुरीला येतील. एका सदस्यापुरती तशी सोय ठेवता येते. त्यांना ते आवडणार नाही. पण पुढच्या जूनमध्ये त्यांनी तोच फोटो टाकला तर तो नऊ हजारांना दिसायच्या आधी तुम्हाला दिसायला हवा.

सरांच्या तीस वर्षांचं काय, असं तुम्ही पत्रात विचारलंय. त्यांचं काम मोठं आहेच. पण ते काम इथे त्यांच्या बाजूने कमी आणि विरुद्ध जास्त जातं. एखाद्या नवख्या पोराने तोच पत्ता दिला असता तर दोघं-तिघं गेले असते. सरांनी दिला म्हणून रांग लागली, कारण सर म्हणतायत म्हणजे पक्षी तिथे आहेच, आणि सरांनी सांगितलंय म्हणजे जायला हरकत नाही, असं लोकांनी धरलं. ज्येष्ठाच्या शब्दाला वजन असतं तेव्हा त्या शब्दाने झालेलं नुकसानही वजनदार असतं. हे वाक्य त्यांना पाठवायच्या उत्तरात घालू नका, मी तुम्हाला सांगतोय.

"कालची पोर" हा भाग वेगळा ठेवा. तो पक्ष्यांच्या नियमाचा भंग नाही, पण सोडून देण्यासारखाही नाही. अपिलाच्या दोन पानांत त्याबद्दल एक शब्द नाही हे माझ्या लक्षात आलं, तुमच्याही आलं असेल. जाहीर माफी मागायला लावू नका. तसली माफी मागणारा मनातून आणखी कडवट होतो आणि बघणारे फोटो काढून ठेवतात. अट इतकीच घाला की परत येण्याआधी त्यांनी त्या मुलीला स्वतः दोन ओळी लिहायच्या, खाजगीत. काय लिहायचं ते तुम्ही सांगायचं नाही. त्यांनी नाही लिहिल्या तर ३० सप्टेंबर ही तारीख आपोआप पुढे जाते.

आणि धाकटी. "सर परत आले तर मी जाते" हे तिने रागात म्हटलं असलं तरी त्यामागे कारण आहे. या पंधरा दिवसांत तिच्या इनबॉक्समध्ये काय काय आलं असेल ते तिला विचारलंत का? विचारा. मला खात्री आहे, "सरांना काढणारी तू कोण"पासून बरंच काही आलं असेल. तिने जे केलं त्यातलं काय ग्रुप म्हणून तुम्हा तिघांना मान्य आहे ते आधी तिला सांगा, मग सगळ्यांना. पोस्ट काढणं बरोबर, त्या रात्रीपुरतं थांबवणं बरोबर, मुदत आम्ही तिघांनी बदलली. 'बदलली' हेच म्हणा, 'दुरुस्त केली' म्हणू नका, आणि 'नरमाईने घेतलं' तर अजिबात नको. पुढे कुणाच्या बाबतीत कायमची बंदी घालायची असेल तर दोन ॲडमिनांचं एकमत लागेल असा नियम करा. त्याने तिचे हात बांधले जातात असं तिला वाटेल. उलट पुढच्या वेळी इनबॉक्समधल्या शिव्या दोघांत वाटल्या जातील.

पोल घेऊ नका. नऊ हजारांतल्या बहुतेकांनी ती कॉमेंट पाहिलेली नाही, गाड्यांची रांग पाहिलेली नाही, सरांचं पत्र वाचलेलं नाही. ते मत देतील ते सर आवडतात की नाही यावर, आणि सर सगळ्यांनाच आवडतात. पोल हरलात तर पुढच्या प्रत्येक बॅनवर पोल मागतील, जिंकलात तर एका ज्येष्ठ माणसाला हजारो लोकांनी मिळून हाकललं असा त्याचा अर्थ होईल. "सरांना परत घ्या"च्या पोस्टी मात्र काढत बसू नका, त्या तुमच्यावर आहेत, पक्ष्यांवर नाहीत. एकच पोस्ट टाका, कॉमेंट बंद ठेवून: एका सदस्याच्या बंदीवर अपील आलंय, ते बॅन न करणारे ॲडमिन पाहतायत, उत्तर त्या सदस्याला कळवलं जाईल, नियम अमुक अमुक असा बदललाय. सरांचं पत्र, त्यातलं वाक्य, स्क्रीनशॉट, काहीही टाकू नका, लोकांनी कितीही डिवचलं तरी. सरांना तिथे उत्तर द्यायला जागा नाही. दुसरा ग्रुप निघालाय तो चालू दे. दोन ग्रुप असले म्हणून पक्षी कमी होत नाहीत, जागा सांगायला लागले तर होतील, तेव्हा त्यावर लक्ष ठेवा, तिथे जाऊन भांडू नका.

आणखी एक. दर महिन्याच्या फेरीला सर येतात असं तुम्ही लिहिलंय आणि "तिथेही येऊ नका सांगू का?" असं विचारलंय. नका सांगू. बंदी फेसबुक ग्रुपपुरती आहे. फेरीत त्यांच्याशी बोलायचं नाही, गाडीत घ्यायचं नाही, असं कुणी चालवलं असेल तर ते तुम्हीच थांबवा. एखाद्याला सगळीकडून तोडायची सवय आपल्या समाजात फार मुरलेली आहे. २०१६मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला तो उगाच नाही. तुमचं प्रकरण त्या कायद्यात येत नाही, पण फेरीत सरांच्या शेजारी कुणी उभं राहीना अशी वेळ येऊ देऊ नका.

कायदेशीर धमकीला घाबरू नका आणि तिला उत्तरही देऊ नका. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याने २४ तासांत पोच आणि ठराविक दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि त्यावरही समाधान नसेल तर ३० दिवसांत सरकारी तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ते सगळं कंपनीच्या निर्णयांसाठी आहे. तुम्ही कंपनी नाही. सरांना जायचं तर जाऊ द्या, सभ्यपणे. उलट तुमच्या मनात जी भीती आहे, की पत्ता आपल्या ग्रुपवर पडला म्हणून उद्या वनखात्याने आपल्याला धरलं तर, तिच्याबद्दल एक सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या प्रकरणात म्हटलं होतं की सदस्याने काय टाकलं यासाठी, समान हेतू दिसत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. ते प्रकरण वेगळं होतं. वनखात्याकडून खरंच काही कागद आला तर वकील गाठा, माझं सदर नाही.

सरांना जाणारं उत्तर साधारण असं असू दे:

"आदरणीय सर, तुमचं पत्र तिघांनी वाचलं. बॅन केलेल्या ॲडमिनने यावर निर्णय घेतलेला नाही, तो मी घेतोय. तुमच्या पोस्टमध्ये घरटं नव्हतं हे बरोबर आहे. पक्षी पिल्लांना भरवत होता आणि कॉमेंटमध्ये नेमकी जागा दिली गेली, पोस्ट काढल्यावर तीच परत टाकली गेली, यासाठी बंदी होती. आमचा नियम नीट लिहिलेला नव्हता, तो आता बदललाय. इतरांच्या तशा पोस्टी होत्या हा तुमचा मुद्दा बरोबर होता, त्या काढल्या आहेत. कायमची बंदी रद्द करून ती ३० सप्टेंबरपर्यंत ठेवतोय. त्यानंतर पुढचा पावसाळा संपेपर्यंत तुमच्या पोस्टी मंजुरीने येतील. परत येण्याआधी आमच्या सहकारी ॲडमिनला तुम्ही स्वतः लिहावं अशी विनंती आहे. या निर्णयात काही तथ्याची चूक असेल तर एकदा कळवा, मी पाहीन."

'एकदा' हा शब्द ठेवाच. दर आठवड्याला नवं पत्र आलं तर दर आठवड्याला नवं उत्तर देणं तुम्हाला जमणार नाही. नव्या तथ्याशिवाय आलेल्या पत्राला फक्त पोच. आणि ३० सप्टेंबरच्या आत त्यांनी दुसऱ्या नावाने अकाउंट काढून ग्रुपमध्ये प्रवेश घेतला, तर ते नवं प्रकरण, मुदत नव्याने.

फोन करू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. करा, पण हे उत्तर पोहोचल्यावर, आदल्या दिवशी नाही. आधी केलात तर सर बोलतील, तुम्ही हो-हो म्हणाल, आणि तिसऱ्या ॲडमिनने लिहिलेल्या कागदाला काही अर्थ राहणार नाही. तुम्ही शिष्या म्हणून फोन करा, ॲडमिन म्हणून नको. निर्णयावर त्यांनी विषय काढला की "सर, ते पत्रातच" म्हणा आणि नांदूरमध्यमेश्वरला यंदा बदकं कधी उतरतील ते विचारा.

उत्तर पाठवण्याआधी मसुदा धाकटीला वाचायला द्या, बदलायला नाही. आणि खाली सही तिसऱ्या ॲडमिनची असू दे, 'ॲडमिन मंडळ' अशी नको. सरांना चिडायचंच असेल तर कुणावर, ते त्यांना कळलेलं बरं.